मुठीखालचा गंज

मांडवीच्या आत्माराम टंडेलाकडे सात जपानी तलवारी आहेत, हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक होतं. त्या त्याने कशापायी जमवल्या, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोलाही नाही.

आत्माराम शिवलकर एकतीस वर्षं बोटीवर होता. खलाशी म्हणून चढला आणि टंडेल, म्हणजे खलाशांचा नायक, होऊन उतरला. त्याची बोट मुंबईहून कापसाच्या गाठी घेऊन जपानच्या कोबे बंदरात जायची. परतताना बाकीचे लोक चिनीमातीच्या बशा, कागदी पंखे, रेशमी रुमाल आणायचे. पहिली काही वर्षं त्यानेही तेच आणलं. मग एका वर्षी बोटीचा पाण्याखालचा पंखा मोडला आणि ती चाळीस दिवस कोबेच्या गोदीत अडकून पडली. हाताला काम नाही म्हणून आत्माराम गावात हिंडायचा. हिंडता हिंडता तो एका बोळात शिरला. तिथे एक म्हातारा पाण्याच्या लाकडी बादलीशी उकिडवा बसून तलवारीचं पातं दगडावर घाशीत होता. आत्माराम बघत उभा राहिला तो तासभर उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी परत गेला. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने न बोलता त्याच्यापुढे चटई सरकवली.

एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. म्हाताऱ्याने सगळं खुणांनी शिकवलं. पातं उजेडाकडे तिरपं धरलं की धारेच्या अंगाने एक पांढुरकी रेघ दिसते, लाट मागे सरताना वाळूवर फेस राहतो तशी. पातं तापवून पाण्यात बुडवण्याआधी लोहाराने त्यावर माती कशी लिंपली होती, ते त्या रेघेत उतरतं. कुणाची रेघ संथ, कुणाची खळबळती. पात्याचा बाक आणि कण्याची जाडी बघून काळाचा अंदाज येतो. मग मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ सरकवली, की आत लोखंडाचं बूड दिसतं. घडवणारा आपलं नाव तिथे कोरतो. ते बूड कधी घासायचं नाही. नवा गंज तांबडा, जुना गंज काळा, सुकलेल्या कोकमासारखा. नाव खोटं कोरता येतं. चारशे वर्षांचा गंज खोटा आणता येत नाही. हे शिकवताना म्हाताऱ्याने आत्मारामचा अंगठा धरून त्या बुडावरून हलकेच फिरवला होता, आणि लगेच त्याच अंगठ्यावर चापट मारली होती.

जपानात तलवार कमरेला लावायची बंदी होऊन तेव्हा तीस वर्षं उलटली होती. जुन्या घरांतून तलवारी बाहेर पडत होत्या आणि भंगाराच्या शेजारी मांडल्या जात होत्या. आत्माराम दर फेरीला बघायचा आणि चारदोन वर्षांत एखादी घ्यायचा. बोटीच्या कप्तानाची चिठ्ठी दाखवून त्याने कलेक्टर कचेरीतून परवाना काढला होता. कापराच्या लाकडाच्या लांब पेटीत त्या तलवारी मांडवीच्या घरात माजघरात असायच्या. मालक समुद्रावर आणि पेटी घरात, असं वर्षानुवर्षं चालू होतं.

पेटीसारखीच सगुणाही घरात होती. ती नाटे गावची, मासेमाऱ्यांच्या घरातली. तो बोटीवर होता तोवरच्या संसारात नवरा घरी होता ते सगळे महिने जोडले तर चार वर्षंही भरली नसती. तिला दोन मुलं झाली. मुलगी पाच वर्षांची होऊन देवीने गेली. मुलगा, बाबल्या, दोन महिन्यांचा होऊन तापाने गेला. दोन्ही वेळा आत्माराम दूर होता. दोन्ही वेळा त्याला ते पत्रातून कळलं. परत आल्यावर त्याने तिला काय विचारावं आणि तिने काय सांगावं, हे दोघांनाही कधी जमलं नाही. ती मासळी सुकवून विकायची, घर शाकारून घ्यायची, त्याच्या येण्याची वाट बघायची. तो आला की पेटी उघडून बसायचा.

१९२४ साली गुडघ्यांनी दगा दिला आणि तो कायमचा घरी आला. दर आठवड्याला ओटीवर घोंगडी पसरून तो तलवारी पुसायचा. लवंगेच्या तेलाचा वास घरभर सुटायचा. सगुणा उंबऱ्यातून बघायची. इतक्या वर्षांत त्याने तिला त्या तलवारींबद्दल एकच गोष्ट सांगितली होती, तीही ओरडून: पात्याला बोट लावायचं नाही, घामाने गंज चढतो. तिने कधी लावलं नाही.

सातवी तलवार त्याने शेवटच्या फेरीत घेतली होती. तिकडे मोठा भूकंप होऊन गेला होता आणि पडलेल्या घरांतल्या वस्तू दूरदूरच्या बाजारांत येत होत्या. त्या तलवारीचं पातं बघून आत्माराम ती खाली ठेवीना. मूठ काढली तर बुडावर काळ्या गंजाखाली दोन अक्षरं असावीत असं वाटलं. बोटाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. त्याने पातळ कागद ठेवून वरून काजळी घासली. ठसा उठला तो डागासारखाच.

सहा वर्षं तो ठसा त्याच्या पेटीत होता. शेजारचा केरू मुंबईला एका जपानी कापूस कंपनीच्या गोदामात कामाला होता. दिवाळीला तो आला तेव्हा म्हणाला, आमच्याकडे कावामुरा म्हणून नवे साहेब आलेत, त्यांना तलवारींचं वेड आहे. आत्मारामने ठसा त्याच्याकडे दिला. महिन्याभरात केरूचं पत्र आलं. साहेबांनी ठसा भिंगाखाली तासभर बघितला. दोन रेघा त्यांना ओळखीच्या वाटतात. म्हणतात, मला वाटतं तेच नाव असलं तर ही तलवार सहाशे वर्षांची आहे. पण कागदावरून सांगता येणार नाही, बूड डोळ्यांनी बघायला हवं. फेब्रुवारीत ते स्वतः आगबोटीने येतील.

त्या पत्रानंतर आत्माराम वेगळाच माणूस झाला. अंगण सारवून घेतलं, ओटीला चुना लावला. जेवताना तो आपणहून बोलायला लागला; साहेब येणार, तलवार बघणार, एवढंच, पण बोलायचा. सगुणाने तीस वर्षांत त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्यासाठी तिने घरातली तांब्यापितळेची भांडी चिंच लावून लखलखीत केली. समया घासल्या. आणि मग तिच्या मनात आलं, की पाहुणा ज्याच्यासाठी येतोय ते तसंच राहिलं.

फेब्रुवारी १९३१ मधली ती सकाळ. साहेबांसाठी रजा काढून आधीच घरी आलेल्या केरूला घेऊन आत्माराम बंदरावर गेला. आगबोट उशिरा आली. खोल पाण्यातून पडावाने उतारू किनाऱ्याला आणायला आणखी वेळ गेला. तेवढ्या वेळात सगुणाने पेटी उघडली. तिने पात्याला बोट लावलं नाही, फडक्यात धरलं. तिने नवऱ्याला शेकडो वेळा खुंटी काढताना बघितलं होतं, तशीच तिने काढली. मूठ सरकवली. आतलं ते काळं, खडबडीत बूड तिला नेहमीच खुपायचं. सगळं पातं आरशासारखं आणि हे असं. त्याचे हात हल्ली कापतात, म्हणून राहून जात असेल, असं तिला वाटे. तिने चिंचेचा कोळ, राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि दोन तास ते बूड घासलं. तिची बोटं सोलली. शेवटी आतून लोखंड चांदीसारखं उजळलं. तिने ते धुतलं, कोरडं केलं, मूठ होती तशी बसवली आणि चुलीकडे वळली.

कावामुरा साहेब पन्नाशीचे, बारीक अंगाचे होते. मुंबईत राहून मोडकंतोडकं हिंदुस्थानी शिकले होते. आत्मारामला बंदरावरची जपानी येत होती. दोघांचं जमलं. ओटीवर बसून त्यांनी एकेक तलवार बघितली. दोन नावं खोटी निघाली, ती खोटी आहेत हे आत्मारामने आधीच सांगितलं होतं. साहेबांनी त्याच्याकडे आदराने बघितलं. एक आखूड, नाव नसलेली तलवार आत्मारामने स्वतःच बाजूला सारली, ती साधी आहे म्हणाला आणि म्यानातून काढलीसुद्धा नाही. मग सातवी आली. साहेबांनी आधी नुसतं पातं बराच वेळ बघितलं. मान लववून त्यांनी खुंटी काढली आणि मूठ सरकवली.

बूड झगमगत होतं.

केरूने पुढे सांगितलं, की आत्मारामच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. जिथे अक्षरं असावीत तिथे एका आडव्या रेघेचा शेवट तेवढा उरला होता, नखाने ओरखडा काढावा तसा. कावामुरा साहेबांनी ते बूड उजेडात फिरवलं, परत फिरवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, हे कोणी केलं?

आतून सगुणा चहाचे कप घेऊन येत होती. तिच्या तोंडावर हसू होतं.

"मी केलं," आत्माराम म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे जे बघितलं त्यात राग नव्हता. राग परवडला असता. इतकं जाणणारा माणूस असं करतो, म्हणजे याला काही कळलेलंच नव्हतं, असं ते बघणं होतं. त्यांनी मूठ बसवली, चहा घेतला, दुसऱ्या दिवशीच्या बोटीने निघून गेले. तलवार जुनी आणि फार चांगली आहे, एवढंच जाताना म्हणाले. कोणाची ते आता सांगता येणार नाही.

आत्मारामने सगुणाला एक शब्दही विचारला नाही. ओरडला नाही, हात उगारला नाही. तो नुसता बोलायचा थांबला. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून बसायचा. पेटीला त्याने कुलूप घातलं. सगुणाला आपलं काय चुकलं ते कळेना. पाहुण्याला चहा आवडला नसेल, आपण मध्येच बाहेर आलो ते नडलं असेल, असं ती मनाशी धरत राहिली. काही आठवडे असे गेले. शिमग्याला घरी आलेल्या केरूला तिने गाठलं, त्या सकाळी आपण काय काय केलं ते सांगितलं आणि विचारलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "वहिनी, त्या गंजातच नाव होता. तो तुमी घासून काढलाव." आणि त्याने तिला ऐकलं होतं तेवढं सगळं सांगितलं. टंडेलने साहेबांपुढे दोष स्वतःवर घेतला, तेही सांगितलं.

ती घरी आली. ती रडली असेल तर कोणी बघितलं नाही.

पाऊस सुरू झाला, आगबोटी बंद झाल्या. श्रावणात एका दुपारी आत्माराम दत्ताच्या देवळातून लवकर परत आला. मागच्या पडवीत सगुणा पाठमोरी बसली होती. पुढ्यात मातीचं मडकं होतं आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेली ती सातवी तलवार. कुलपाची किल्ली तो कुठे ठेवतो हे तिला न कळण्याइतकं ते घर मोठं नव्हतं. मूठ काढलेली होती. ती मडक्यात कापूस बुडवून त्या बुडावर पाणी लावत होती, जखमेला लावावं तसं.

"काय करतेस गो?" सहा महिन्यांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

ती दचकली नाही. म्हणाली, "समुद्राचा पाणी हाय. आषाढापासून लावतेय. बघा, लाल झाला थोडा." तिने बूड त्याच्याकडे वळवलं. "आपल्याकडे लोखंडाला गंजायला काय लागतंय? काळा होईल हळूहळू. मग साहेबांना परत बोलवा."

आत्माराम तिच्याजवळ खाली बसला. गुडघे दुखत असतानाही बसला. तिच्या बोटांना मिठाच्या पाण्याने भेगा पडल्या होत्या. बुडावर तांबूस, नवा, पोरवयाचा गंज चढला होता. तो म्हणाला, "हा काळा व्हायला सहाशे वर्षं लागतील."

"मग?"

"मग काय. आपण नसू."

"तुमी आधी का नाय सांगितलाव?" ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पात्याला हात लावू नको म्हणालात, मी नाय लावला. हेही सांगितला असतात तर नसता लावला."

तुला काय कळणार, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता, आणि ते उत्तर आता तिच्या तोंडावर देण्यासारखं नव्हतं. त्याने कोरडं फडकं मागितलं, बुडावरचं खारं पाणी टिपलं, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कोबेचा बोळ, पाण्याची बादली, म्हातारा, चटई. पाऊस पडत होता आणि तो सांगत होता. दिवेलागण झाली तरी ती चुलीकडे गेली नाही.

त्या दिवसापासून पेटी दोघांची झाली. तो पातं उजेडात धरायचा, ती बघायची. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा चढत होता; बारीक काही त्याला दिसेनासं झालं होतं. सगुणाची नजर मात्र लख्ख होती. टोपलीतला बांगडा हात न लावता ताजा की शिळा सांगणारी बाई ती. तिने त्याचे शब्द घेतले नाहीत, आपलेच लावले. एका पात्यातली रेघ तिला ओहोटीच्या वाळूसारखी दिसायची, दुसऱ्यातली सुरमईच्या पोटासारखी. तो आधी हसायचा. मग त्याच्या ध्यानात आलं, की तिचं बरोबर असतं.

कार्तिकात एकदा तिने पेटीतल्या तळाच्या आखूड तलवारीकडे बोट केलं. ही तुम्ही कधी काढत नाही, म्हणाली. आत्मारामने ती उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "बाबल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी घेतलेली ती. बंदरावर पत्र वाचलं आणि चालत सुटलो. समोर दुकान आलं. काय घेतोय ते बघितलंसुद्धा नाही. हातात काहीतरी धरायला हवं होतं."

सगुणाने बाबल्याचे ते दोन महिने त्याला सांगितले. तो कसा दिसायचा, कुठल्या कुशीवर झोपायचा, शेवटच्या दिवशी तिचं बोट त्याने कसं धरलं होतं. चोवीस वर्षांनी आत्मारामने आपल्या मुलाविषयी ऐकलं. दोघं रडली, एकमेकांसमोर, पहिल्यांदाच.

नंतर तिने ती आखूड तलवार म्यानातून काढायला लावली. उजेडात धरून बघितली, सातवी मागितली, ती बघितली, परत आखूड बघितली. म्हणाली, "हे एकाच हाताचा हाय." त्याने हसून मान हलवली. आखूड तलवारीच्या बुडावर नाव नव्हतं, पातं डागाळलेलं होतं, आणि तो तिला साधी समजत आला होता. ती म्हणाली, नाव नसेल, पण पोटावरची चकाकी बघा, दुसऱ्या कुठल्याच पात्याला अशी नाही. त्याला ती चकाकी दिसत नव्हती. तिचं मन राखायला तो बरं म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात सगुणाला हिवताप झाला. दवाखान्यातलं कडू औषध चालू होतं. दोनदा उतरला, तिसऱ्यांदा उतरला नाही. भाद्रपदात ती गेली. आत्माराम या वेळी घरी होता. तिचं बोट त्याने शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं.

१९३४ साली त्याने केरूकडून कावामुरा साहेबांना निरोप धाडला: माझ्यामागे या तलवारींना कोणी नाही, तुम्ही न्या. साहेब स्वतः आले. आत्मारामला आता जवळजवळ दिसत नव्हतं. त्याने सातही तलवारी दिल्या आणि मोबदला घ्यायचं नाकारलं. फक्त एक सांगितलं, की आखूड आणि सातवी शेजारी ठेवून बघा. माझ्या बायकोचं म्हणणं होतं, एकाच हाताच्या आहेत. ते बूड तिने घासलं होतं, मी नव्हे, हेही त्याने त्या दिवशी सांगितलं, आणि कशासाठी घासलं तेही. साहेबांनी ओटीवर गुडघे टेकून आत माजघराकडे तोंड करून मान लववली.

दोन वर्षांनी जपानहून पत्र आलं. इंग्रजीत होतं, पोस्टमास्तरांनी ओटीवर बसून वाचून दाखवलं. साहेबांनी दोन्ही तलवारी तिकडच्या जाणत्यांपुढे ठेवल्या होत्या. आखूड पातं नव्याने घासून उजळल्यावर सगळ्यांचं एकमत झालं. दोन्ही एकाच लोहाराच्या, निदान एकाच भट्टीच्या, आणि सहाशे वर्षं जुन्या. सातवीचं बूड गेलं होतं, तरी आखूड तलवारीच्या आधाराने तिचं घराणं लागलं. हे आपल्यापैकी कोणालाच दिसलं नसतं, असं साहेबांनी लिहिलं होतं.

आत्मारामने ते पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, स्वयंपाकघरात बसून एकदा वाचाल का? पोस्टमास्तर ब्राह्मण होते, मानाने मोठे होते. काही न विचारता आत गेले आणि थंड चुलीसमोर पाट घेऊन त्यांनी सगळं पत्र मोठ्याने वाचलं. आत्माराम भिंतीला टेकून ऐकत होता.

उत्तर त्याने त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. दोन ओळींचं. त्या तलवारींजवळ कागद लावाल त्यावर, ओळखणारीचं नाव लिहावं: सगुणा आत्माराम शिवलकर, मांडवी, रत्नागिरी. लिहिलं म्हणजे कळवावं.

पत्र गेलं. पुढच्या वर्षी तिकडे चीनशी लढाई पेटल्याचं वर्तमानपत्रात आलं. कावामुरा साहेबांचं पत्र त्यानंतर आलं नाही. केरूने मुंबईच्या कचेरीत चौकशी केली; ते आता कंपनीत नाहीत, एवढंच कळलं. आत्माराम दर टपालाच्या दिवशी काठी टेकत पोस्टापर्यंत जायचा आणि खिडकीशी उभा राहायचा. पोस्टमास्तर आतूनच नाही म्हणायचे. पुढे पुढे त्यांना नाही म्हणवेना, म्हणून ते उठून बाहेर यायचे आणि त्याला हात धरून रस्त्यापर्यंत पोचवायचे.

१९३९ च्या चैत्रात तो गेला. नाव लिहिलं गेलं की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.